निगडी, मोडशी आणि गार्सिया द ओर्ता

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आंबोली घाटाच्या पायथ्याशी, दाणोलीजवळच्या एका ओहोळाच्या काठी मी पंचवीस-तीस मुलामुलींच्या घोळक्यात उभा होतो. माझी पुतणी एका आयुर्वेद महाविद्यालयात द्रव्यगुण शिकवते. विद्यार्थ्यांना वनस्पती जागेवर दाखवायला ती त्यांना दरवर्षी रानात नेते. काका, घरी बसून तरी काय करणार, असे म्हणून तिने मलाही गाडीत घातले होते.

ओहोळाच्या कडेला एक उंच झुडूप होते. पाच पाच पानांचा पंजा, पानांची खालची बाजू पांढुरकी, निळसर जांभळी बारीक फुले. एका मुलाने मोबाइल पुढे धरला आणि क्षणात लॅटिन नाव वाचून दाखवले. पुतणीने त्याला फोन खिशात ठेवायला सांगितले आणि पान चुरगाळून वास घ्यायला लावला. एवढ्यात गवताचा भारा घेऊन एक आजी वरून उतरत होत्या. मुलांचा घोळका पाहून त्या थांबल्या आणि न विचारताच म्हणाल्या की ही निगडी, सांधे धरले की पाला गरम करून बांधावा. ग्रंथात जिला निर्गुंडी म्हणतात ती हीच.

मुलांच्या वह्यांत प्रत्येक वनस्पतीसाठी रकाने आखलेले होते. संस्कृत नाव, शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, उपयोगी अंग, आणि अगदी शेवटी एक रकाना ‘कोणी सांगितले’. पहिले रकाने सगळ्यांनी भरले. शेवटचा बहुतेकांचा कोरा राहिला. पुतणीने ते पाहिले आणि आजींचे नाव विचारायला एका मुलीला परत पाठवले. आजी हसल्या, पाल्याला माझे नाव कशाला, म्हणाल्या आणि भारा सावरत निघून गेल्या.

दुपारी डबे उघडल्यावर वाद निघाला तो रास्नेवरून. रास्ना हे वातावरचे नामांकित औषध. पण उत्तरेत रास्ना म्हणून एक झुडूप घेतात, दक्षिणेत आल्याच्या कुळातल्या वनस्पतीचा कंद घेतात आणि बंगालात झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडची मुळे. नाव एक, वस्तू तीन. ग्रंथातला श्लोक पाठ असून उपयोग नाही, श्लोकातली वनस्पती समोरच्या वनस्पतींपैकी कोणती हे ठरवता आले पाहिजे. बँकेत असताना आम्ही खाते उघडायला येणाऱ्याकडे जुन्या खातेदाराची ओळखीची सही मागत असू. माणूस समोर उभा असला तरी तो तोच आहे हे सांगणारा कोणीतरी लागतो. झाडांचेही तसेच आहे, हे मला त्या दिवशी कळले.

निर्गुंडीच्या लॅटिन नावात ‘नेगुंडो’ हा शब्द आहे. तो उघडच आपला आहे. हाच शब्द गोव्यात १५६३ साली छापलेल्या एका पोर्तुगीज पुस्तकात एका सबंध प्रकरणाचे शीर्षक होऊन बसला आहे. त्या पुस्तकाच्या कर्त्याची, गार्सिया द ओर्ताची, आणि माझी ओळख जुनी आहे. नोकरीत काही वर्षे पणजीला होतो तेव्हा त्याच्या नावाच्या बागेत संध्याकाळी बसायला जात असे, आणि इतर अनेकांसारखे मलाही तो कोणी गव्हर्नर असावा असे वाटत असे.

तो गव्हर्नर नव्हता, वैद्य होता. १५०१च्या सुमारास पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हिदे या सरहद्दीवरच्या गावी तो जन्मला. आईबाप स्पेनमधले ज्यू. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने सगळ्या ज्यूंना देशाबाहेर घालवले तेव्हा ते पोर्तुगालमध्ये आले, आणि पाच वर्षांनी, १४९७ साली, पोर्तुगालनेही त्यांच्यासारख्यांना बळजबरीने बाटवले. अशा लोकांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. देवळात जायचे, मुलांना संतांची नावे ठेवायची, आणि घरात शनिवारी चूल पेटली की नाही यावर शेजाऱ्यांची नजर आहे हे जाणून राहायचे, असे ते जगणे. गार्सिया शिकला मात्र उत्तम ठिकाणी, स्पेनमधल्या सालामांका आणि आल्काला या विद्यापीठांत. गावी परतून वैद्यकी केली, मग लिस्बनला आला, आणि १५३० साली तिथल्या विद्यापीठात अध्यापक झाला. शिकवायचे ते पुस्तकांतूनच. ग्रीकांचा दिऑस्कोरिदीस, गॅलेन आणि अरबांचा इब्न सिना हे प्रमाण. ज्या औषधांवर व्याख्याने द्यायची त्यांतली निम्मी हिंदुस्थानातून वाळून, चुरा होऊन, दहा हात बदलून आलेली असत. झाड कोणी पाहिलेले नसे.

१५३४ च्या मार्चमध्ये तो मार्तिं आफोन्सो द सोझा या दर्यासारंगाचा खासगी वैद्य म्हणून जहाजावर चढला. नव्या ख्रिस्त्यांनी देश सोडू नये असा राजाचा हुकूम त्या वेळी होता; बड्या सरदाराच्या पदरी राहून तो निसटला असे म्हणायला हरकत नाही. दोन वर्षांनी, १५३६ साली, पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाले. सप्टेंबरात तो गोव्याला उतरला तेव्हा त्याचे वय तेहतिशीच्या आसपास होते. चौतीस वर्षे तो इथे राहिला आणि परत गेला नाही.

सोझाबरोबर तो किनाऱ्याकिनाऱ्याने दीवपर्यंत हिंडला, घारापुरीची लेणी पाहिली, मग जुन्या गोव्यात घर केले. व्हाइसरॉय आणि गव्हर्नर यांच्यावर उपचार केले. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याचा मित्र होता. तो त्याच्याकडून वैद्यक शिके आणि त्याला औषधांची अरबी व दख्खनी नावे सांगे. दोघे बुद्धिबळ खेळत. निजामशहाने त्याला बारा हजार पडदवांहून अधिक दिले आणि वर्षातले काही महिने आपल्याकडे येऊन राहिल्यास वार्षिक ४० हजारांची नेमणूक देऊ केली, ती आपण घेतली नाही, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. मला त्याची ही हिशेबी नोंद आवडते. आकडा सांगितल्याशिवाय त्याला राहवले नाही. शिवाय तो व्यापार करी, रत्ने पारखी, आणि मुंबईचे बेट त्याला वार्षिक खंडावर मिळालेले होते. त्या बेटावर आपले एक आंब्याचे झाड वर्षातून दोनदा फळते, हेही त्याने कौतुकाने नोंदले आहे. आज जिथे एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल आहे त्याच्या मागच्या बाजूला, नौदलाच्या आवारात, त्याचे घर होते असे सांगतात.

पण हे सगळे नसते तरी चालले असते. त्याचे खरे काम म्हणजे तो पुन्हा विद्यार्थी झाला. लिस्बनच्या अध्यापकाने गोव्याच्या बाजारात जाऊन गांध्याला विचारायला सुरुवात केली, की हे काय, कुठून येते, झाड कसे असते, तुमच्यात काय म्हणतात. गुजरातचे व्यापारी, अरब, दख्खनचे हकीम, मलबारातले लोक आणि हिंदू वैद्य या सगळ्यांना त्याने विचारले. मालूपा नावाचा एक हिंदू वैद्य त्याच्या पुस्तकात येतो. तो निशोत्तरावर माहिती देतो आणि ओर्ता त्याचे ऐकून घेतो. चिंच युरोपात येई ती अरबी नावाने, हिंदी खजूर म्हणून. त्यामुळे ती ताडामाडाच्या कुळातली असावी अशी समजूत होती. ओर्ताने सांगितले की झाड मी रोज पाहतो, त्याचा खजुराशी काही संबंध नाही, नाव केवळ आतल्या चिंचोक्यांवरून पडले. मिरी आणि पिंपळी एकाच झाडाची फळे, एक पिकलेले आणि एक कोवळे, असे दिऑस्कोरिदीसने लिहिले होते. ही दोन वेगळी झाडे आहेत, हे त्याने ठणकावून सांगितले. स्पेनमध्ये असतो तर गॅलेनविरुद्ध अवाक्षर काढायची माझी छाती झाली नसती, असेही त्याने एके ठिकाणी कबूल केले आहे. कशाची भीती वाटते हे एवढ्या मोकळेपणी सांगणारा माणूस आणखी कशाला भीत असेल हे त्या वाचकांना कळायचे कारण नव्हते.

त्याच्या पुस्तकाचे नाव लांबलचक आहे. थोडक्यात, हिंदुस्थानातली वनौषधी व औषधी द्रव्ये यांविषयीचे संवाद. १० एप्रिल १५६३ रोजी ते जोआंनेस द एन्देमच्या छापखान्यातून बाहेर पडले. गोव्यात छपाई येऊन जेमतेम सात वर्षे झाली होती. पुस्तकात चुका इतक्या की शुद्धिपत्रच कित्येक पानांचे आहे. लुईश द कामोइश हा पोर्तुगालचा महाकवी तेव्हा गोव्यात हलाखीत दिवस काढत होता. या पुस्तकासाठी त्याने लिहिलेले स्तुतिकाव्य हीच त्याची छापून आलेली पहिली कविता. ओर्ताने लॅटिनमध्ये न लिहिता पोर्तुगीजमध्ये लिहिले, म्हणजे जास्त लोकांना वाचता यावे.

पन्नासहून अधिक संवाद आहेत आणि बहुतेक दोघांत चालतात. एक स्वतः ओर्ता. दुसरा रुआनो, म्हणजे सालामांका-आल्कालाचा जुना मित्र, नुकताच जहाजातून उतरलेला, डोक्यात सगळे ग्रंथ असलेला आणि डोळ्यांनी एकही झाड न पाहिलेला. रुआनो काल्पनिक आहे. तो म्हणजे १५३४ सालचा ओर्ताच, असे मला वाटते. रुआनो ग्रंथाचा आधार काढतो, ओर्ता ऐकतो आणि मग मोलकरणीला हाक मारतो. तिचे नाव अंतोनिया. कधी ती कोणाला आत घेऊन येते, कधी पाने-फांद्या आणून समोर ठेवते. ती दासी होती, नाव बाप्तिस्म्याचे, मूळचे नाव कुठेही नाही. पण वनस्पती आणून देणारी तीच. आमच्या बँकेच्या भाषेत ओळखीची सही तिची.

पटकीवरचा संवाद तर मराठी वाचकाने मुद्दाम वाचावा. आशियातल्या पटकीचे युरोपीय वैद्याने केलेले पहिले तपशीलवार वर्णन ते हेच. खोल गेलेले डोळे, थंड पडलेले अंग, हातापायांत येणारे वांब, क्षीण होत जाणारी नाडी आणि काही तासांत मृत्यू. इथले लोक या रोगाला मोरशी म्हणतात आणि आम्ही त्याचे मोर्देशी केले, असे तो सांगतो. आपली मोडशी! माझी आजी अजीर्णाच्या जुलाबांना मोडशी म्हणे आणि आल्यालिंबाचा रस देई. पुढे फ्रेंचांनी या शब्दाचे ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचे रूप करून टाकले, म्हणजे मूळ किती दूर गेले पहा. इथले वैद्य मिरी-जिरे घातलेली भाताची पेज देतात, तळपायांना डाग देतात, वांब येतात म्हणून हातपाय पट्ट्यांनी करकचून बांधतात, हे सगळे त्याने लिहिले. डाग देणे आज कोणी मान्य करणार नाही. पेज मात्र पटकीच्या रोग्याला आजही वाया जाणारी नाही.

आणि हिंग. विजयनगरात एका पोर्तुगिजाचा उमदा घोडा पोटफुगीने आजारी होता म्हणून राजा तो विकत घेईना. त्या माणसाने पिठातून हिंग चारला, घोडा बरा झाला, राजाने तो घेतला आणि औषध कोणते हे विचारले. हिंग म्हणताच राजाला नवल वाटले नाही. हे तर देवांचे अन्न, असे तो म्हणाला. यावर पोर्तुगीज हळूच पुटपुटला की देवांचे कसले, सैतानाचे. ओर्ता ही गोष्ट चवीने सांगतो. त्याला स्वतःला हिंगाचा वास सोसत नसे, तरी हिंग घातलेली भाजी खाऊन पाहिल्याचे तो नमूद करतो. हा त्याचा स्वभाव.

पारिजातकाची कथाही त्याने इथल्या लोकांच्या तोंडून ऐकून लिहिली आहे. पोर्तुगीज या झाडाला उदास झाड म्हणत. एका सरदाराच्या मुलीचे सूर्यावर प्रेम बसले, त्याने तिला टाकले, तिने जीव दिला, आणि तिच्या चितेच्या राखेतून हे झाड उगवले. म्हणून त्याची फुले सूर्य दिसताच गळतात. देठांचा केशरासारखा रंग अन्नात घालतात, ही व्यवहारी नोंदही तो लगेच करतो.

पुस्तक छापून झाले तेव्हा गोव्यातही धर्मन्यायालय येऊन तीन वर्षे झाली होती. त्याच्या आधीही, १५४३ साली, जेरोनिमो दियश या नव्या ख्रिस्ती वैद्याला गोव्यात जाळण्यात आले होते. ओर्ता तेव्हा शहरातच होता. त्याच्या बहिणींना लिस्बनला अटक झाली होती. सुटल्यावर आई आणि बहिणी १५४९च्या सुमारास त्याच्याकडे गोव्यात येऊन राहिल्या. एवढे सगळे असताना त्याने पुस्तक धर्मगुरूंच्या परवानगीने, व्हाइसरॉयच्या आश्रयाने छापले, आणि पुस्तकभर तो ख्रिस्ती माणसासारखा बोलला. प्रत्येक पाल्याचे खरे नाव धुंडाळणाऱ्या या माणसाने स्वतःविषयीचा तो एक रकाना कोरा ठेवला. मी कादंबऱ्या लिहितो, पण त्याच्या घरातली शुक्रवारची संध्याकाळ लिहायला घेतली तेव्हा दोन पानांपुढे जाता आले नाही. अंतोनियाला काय माहीत होते आणि तिने काय पाहूनही सांगितले नाही, हा प्रश्न तेव्हा मध्ये आला.

१५६८ साली तो आजारपणाने वारला. संरक्षण संपले. थोड्याच काळात बहीण कातारिना पकडली गेली आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जाहीरपणे जाळण्यात आले. चौकशीत तिच्या नवऱ्याने जबानी दिली की गार्सिया मोझेसचाच धर्म खरा मानत असे. मेलेल्या माणसावरही खटला चालत असे. ४ डिसेंबर १५८० रोजी, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, त्याची हाडे उकरून जाळली गेली.

पुस्तक तोवर निसटले होते. क्लूसियस या विद्वान वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याची प्रत १५६४ साली लिस्बनला मिळाली, आणि त्याने लॅटिनमध्ये केलेला सारांश १५६७ साली अँटवर्पला छापला गेला. ओर्ता तेव्हा हयात होता. युरोपने त्याला वाचले ते या सारांशातून. मात्र क्लूसियसला माहिती हवी होती, गप्पा नकोत. त्याने संवाद काढून टाकले. रुआनो गेला, हाका गेल्या, अंतोनियाही गेली. झाडे राहिली. यात क्लूसियसचा दोष काढण्यात अर्थ नाही, परीक्षेच्या वह्यांत आपली मुलेही हेच करतात. पण मूळ पुस्तकाच्या फार थोड्या प्रती शिल्लक राहिल्या, आणि तीनशे वर्षांनी कोंदे द फिकाल्यो या सरदाराने त्याची टिपांसह सुंदर आवृत्ती काढीपर्यंत ती दासी कोणाला फारशी भेटलीच नाही. फिकाल्योने ओर्ताचे चरित्रही लिहिले, पण त्यालाही खरे माहीत नव्हते. त्याच्या दृष्टीने ओर्ता सन्मानाने मेला. धर्मन्यायालयाच्या दप्तरांतून बहिणीच्या खटल्याची आणि हाडांच्या जाळण्याची हकिगत उजेडात आणली ती सिल्व्हा कार्व्हाल्यो यांनी, १९३४ साली.

पणजीला असताना आमच्या शाखेत लिस्बनहून सुटीवर आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी जुन्या एस्कुदोंच्या काही नोटा दाखवायला आणल्या होत्या. त्यांत १९७१ सालची २० एस्कुदोंची नोट होती. पुढच्या बाजूला दाढीवाला, गंभीर ओर्ता, चित्रकाराच्या कल्पनेतला. मागे सोळाव्या शतकातल्या गोव्याचा बाजार. १९९१ साली त्यांनी २०० एस्कुदोंच्या नाण्यावरही त्याला घेतला. ती नोट बाद झाली आहे, बदलून देता येणार नाही, असे मी नियमाप्रमाणे सांगितले. त्यांनी ती हसून मलाच देऊन टाकली.

दाणोलीहून परतल्यावर मी पुतणीला मार्कहॅमचे १९१३ सालचे इंग्रजी भाषांतर वाचायला दिले. पुढच्या आठवड्यात तिने ते ज्या मुलीला आजींच्या मागे पाठवले होते तिला दिले. पुस्तक अजून तिच्याकडेच आहे. नोटही त्यातच आहे, निर्गुंडीच्या प्रकरणात, खुणेसाठी ठेवलेली.